साडूंची विशेषणं

प्राचीन ग्रीक महाकाव्याचे हाल करण्यात आमच्या साडूंचा हात धरणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर सापडणार नाही. मी हे अधिकाराने सांगतो, कारण ठाण्याच्या एका कॉलेजात मी आयुष्यभर तेच महाकाव्य शिकवलं. वीर कोणाला म्हणावं, कवी त्याचा स्वभाव कसा उभा करतो, हे फळ्यावर लिहिता लिहिता माझे केस पांढरे झाले आणि समोरच्या बाकांवर पोरं डुलक्या काढत राहिली. साडू डोंबिवलीचे. नोकरी रंगाच्या कारखान्यात, तीही हिशेब खात्यात. एकदा पाय मोडून ते घरी पडले होते, तेव्हा वेळ जावा म्हणून मीच माझ्या कपाटातलं एक जुनं भाषांतर त्यांना नेऊन दिलं. पुस्तक काही परत आलं नाही. वीर मात्र सगळेच्या सगळे डोंबिवली पूर्वेला राहायला गेले आणि साडूंच्या घरी इतके रमले की माझ्याकडे कधी होते हेही विसरले असावेत.

त्या काव्यात प्रत्येक वीराच्या नावाला एक विशेषण कायमचं चिकटलेलं असतं. कोणी पायाने चपळ, कोणी आवाजाने दणदणीत. झोपला तरी चपळ आणि गप्प बसला तरी दणदणीतच. साडूंना ही कल्पना भलतीच आवडली आणि त्यांनी गणगोतात विशेषणं वाटायला सुरुवात केली. सोसायटीचे सेक्रेटरी 'दीर्घसूचना' झाले, वॉचमन 'अर्धजागृत'. आमच्या मेहुणीला 'त्वरितफोडणी' मिळालं, कल्याणच्या सासूबाईंना 'अचूकमीठा'. आमच्या हिला त्यांनी 'सर्वस्मरणी' ठरवलं, तेव्हा हिने ते त्याच संध्याकाळी फोनवर आपल्या नावापुढे लावून टाकलं. मला काही मिळालं नाही. मी ठाण्यातल्या नौपाड्याचा, नुसता 'सर'. विशेषण मागून घ्यायचं नसतं हे मला कळत होतं, पण प्रत्येक भेटीत मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो, आणि ते माझ्या शेजारच्याला विशेषण देऊन मोकळे व्हायचे. वॉचमनला आहे आणि मला नाही, या विचाराने मला आंबट ढेकर यायचे.

बरं, ज्ञान म्हणावं तर आनंदच. कोण कोणाचा मुलगा, कोणत्या राजाने किती जहाजं आणली, सगळा घोळ. मी दुरुस्ती सुचवली की म्हणायचे, "असेल हो सर, डोंबिवलीत एवढं चालतं." पण एकदा मी स्वतः पाहिलं. स्टेशनबाहेर एका रिक्षावाल्याशी त्यांचं भाड्यावरून वाजलं. आवाज चढले, आणि ऐन रंगात आल्यावर साडूंनी एकदम विचारलं, "तू कुणाचा रे? गाव कुठलं?" लढण्याआधी वीर एकमेकांचं कुळ विचारतात, त्याचा हा प्रयोग. रिक्षावाला गोंधळला. "कळव्याचा, काका. आजा मिठागरावर होता." साडू म्हणाले, "अरे, माझा आजाही तिकडेच मिठाचा तोलारी! आता आपण भांडायचं नाही." आजे ओळखीचे निघाले की वीर भेटी देऊन वेगळे होतात, या नियमाने साडूंनी आपली नवीकोरी छत्री त्याला दिली आणि त्याच्याकडून सीट पुसायचा टॉवेल घेतला. "काका, टॉवेल धुवून घ्या हां," तो जाताना ओरडला. मी तो प्रसंग वर्गात कितीदा शिकवला होता. छत्री द्यावीशी मला कधी वाटली नव्हती.

पण खरी आग लागली ती सासूबाईंपायी. शत्रूने मुलगा मारला, त्या मुलाचं शव मागायला म्हातारा बाप शत्रूच्याच तंबूत जातो, ती कथा साडू एका दुपारी कल्याणला सांगत होते. सासूबाईंच्या हातातली मेथी तशीच राहिली. "दिलं का हो त्याने? म्हाताऱ्याला रिकाम्या हाताने नाही ना पाठवलं?" साडू म्हणाले, "दिलं, आई. दोघं शेजारी बसून रडले, आणि मग जेवले." सासूबाईंनी पदराने डोळे पुसले. माझ्या एकाही विद्यार्थ्याने मला 'दिलं का?' असं विचारलेलं नाही. घरी येताना ही म्हणाली, "आई आज चहा विसरली, बघितलंत?" मी बघितलं होतं, आणि मला त्या माणसाचा इतका हेवा वाटला की रात्री जेवण गेलं नाही.

मग सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन आलं. पंगत बसली, श्रीखंड वाढून झालं, आणि साडू उभे राहिले. सैन्य युद्धाला निघताना कवी वीरांची हजेरी घेतो, तशी त्यांनी कुळाची हजेरी घेतली. एकेक विशेषण आलं की टाळ्या. माझी पाळी जवळ आली तसा मी घास थांबवला, चष्मा नीट केला. "आणि नौपाड्याचे सर," साडू म्हणाले, आणि पुढच्या नावाकडे वळले.

मी वाटी सरकवली, उठलो आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसलो.

आधी ही आली. "अहो, लोक बघतायत. चला ना आत." मी हललो नाही. मग मेहुणी वाटी घेऊन आली. "भाऊजी, केशराचं आहे हो, खास तुमच्यासाठी ठेवलेलं." मी कुंड्यांकडे बघत राहिलो. शेवटी साडू आले, आणि त्यांचा चेहरा लग्नघरासारखा फुलला होता.

"सर, किती वर्षं वाट बघायला लावलीत! 'विद्वान' केव्हाच लावलं असतं, पण ते दारावरच्या पाटीला शोभतं. कवी काही वीराचा स्वभाव सांगत बसत नाही, वीर रुसल्यावर काय सोडतो ते दाखवतो. त्यातला सगळ्यात मोठा वीर मानापमानावरून रुसतो आणि लढाई सोडून तंबूत जाऊन बसतो, तसे आज तुम्ही. आणि तुम्ही कधी रुसलातच नाहीत. नुसतं मला दुरुस्त करत राहिलात." त्यांनी माझा दंड धरून मला आत नेलं आणि भर पंगतीत ललकारी दिली, "नौपाड्याचे, श्रीखंडत्यागी सर!" सासूबाई हसता हसता ठसकल्या. त्या दिवसापासून जाईपर्यंत त्यांनी मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

निघताना मी साडूंना विचारलं, "आणि तुमचं?" ते चपला शोधत होते. "आपलं आपण घ्यायचं नसतं, सर. मला कोण देणार? तुम्ही द्या, तुम्ही खरे शिकलेले." मी बघतो म्हणालो.

सासूबाई गेल्या. साडूंनी डोंबिवलीचं घर विकलं आणि ते मुलीकडे बंगळुरूला राहायला गेले. तिथल्या कुठल्याशा शेजाऱ्याला त्यांनी म्हणे 'प्रभातशिंक' केलंय, आणि तो माणूस मी जन्मात पाहिलेला नसताना माझ्या पोटात दुखतं. दर रविवारी त्यांचा फोन येतो. "काय श्रीखंडत्यागी, सापडलं का माझं विशेषण?" आता असं म्हणणारं दुसरं कोणी उरलेलं नाही. खरं सांगायचं तर ते मला केव्हाच सापडलंय, आणि चांगलं आहे. पण ते मी तुम्हालाही सांगणार नाही, तुमच्यापैकी कोणीतरी बंगळुरूला पोचवायचं. एकदा दिलं की ते कशाला विचारायला फोन करतील? म्हणून मी दर रविवारी सांगतो, "शोधतोय हो. पुढच्या रविवारी विचारा."