बिनघड्याळाची साखळी

मी आठवी शिकलेली, लिहिताना चुकलं तर समजून घ्या. ह्या ग्रुपवरचे तुमचे सगळ्यांचे भुताचे अनुभव मी लेकराला झोपवताना मोबाईलवर वाचायची आन् हसायची... खरंच हसायची. ह्यांना म्हणायची, लोकांना कामधंदा नाय. आता मीच लिहायलेय.

आम्ही शहरातल्या छावणी भागात राहतो, बाजाराच्या मागं. मी, हे, सासूबाई, धाकटे दीर आन् माझा शिवम — अकरा महिन्यांचा.

दिरांचं लग्न होतं. त्यांना जोधपुरी कोटावर ती खिशातल्या घड्याळाची साखळी पाहिजे होती, आजकाल सगळे नवरदेव लावायलेत. म्हणले, "वहिनी, तुमची नजर चांगलीय, तुम्हीच निवडा." बाजारात एक म्हातारे चाचा जुनी चांदी विकतात. त्यांनी तीन साखळ्या समोर ठेवल्या. एक लई जाड, बैलाला बांधावी तशी. दुसरी काळी पडलेली. तिसरी बारीक कड्यांची — एका टोकाला काजात अडकवायची आडवी काडी, दुसऱ्या टोकाला घड्याळाचा हूक. मी तीच उचलली. हाताला थंडगार लागली, एवढंच आठवतं.

चाचा म्हणले, "बेटी, इसके साथ घड़ी भी लेओ. बगैर घड़ी की जंजीर नक्को पहनाओ."

भावजी हसले. "चाचा, खिशात कोण डोकावून बघायलंय? टाइम मोबाईलमधे बघतो."

"तुम्हारी मर्जी, दूल्हे राजा."

लग्न झालं. साखळी कपाटात पडून होती. शिवमचा करदोडा तुटला तशा सासूबाई म्हणल्या, "घरात चांदी हाय की, तीच बांध." मी बांधली. कमरेला कमी पडली म्हणून काळा दोरा जोडला, आन् हुकाचं टोक चार बोटं लोंबत ठेवलं, शोभेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी, चारला दहा कमी... शिवम वाटी वाजवत बसला होता. एकदम थांबला. ते टोक उचललं, तळहातावर ठेवलं, मान खाली घालून बघितलं. मग दाराकडं. म्हातारं माणूस एसटीची वाट बघतं ना, तस्सं. मी हाक मारली, टाळी वाजवली, जवळ घेतलं — माझ्याकडं बघंचना! मला ओळखतच नाय असं... पाच मिनिटांनी परत वाटी वाजवायला लागला.

मग रोजच. तीच वेळ. डॉक्टरनं तपासलं, म्हणले लेकरू चांगलं हाय. हे म्हणले, "तू ते भुताचं वाचणं बंद कर."

तेवढ्यात लग्नाचा अल्बम आला. वरातीत सगळे नाचायलेत आन् भावजी हूक तळहातावर घेऊन खाली बघायलेत. पुढच्या फोटोत मंडपाच्या दाराकडं. अल्बम तसाच त्यांच्यापुढं धरला. विचारलं, "भावजी, हे काय करायलात?"

"फोटोवाल्यानं सांगितलं असंल..." मग हळूच म्हणले, "वहिनी, मला हे आठवतच नाय."

नवी जाऊ म्हणली, "मी दोनदा हाक मारली होती तुम्हाला. मला वाटलं, लग्न मनाविरुद्ध हाय का काय!"

मी उठले, लेकराच्या कमरेची साखळी सोडली आन् तशीच चाचांना देऊन आले. कुणाची होती विचारलं, तर म्हणले, "जुने माल में आई थी बेटी, क्या मालूम." दुसऱ्या दिवशी चारला दहा कमी झाले... शिवम वाटी वाजवतच राहिला. मी त्याला छातीशी धरून रडले. वाटलं, सुटलो.

परवाची गोष्ट. त्याच्यासाठी दूध तापायला ठेवलं होतं. पुढं काय झालं मला माहीत नाय... सासूबाई माझा खांदा धरून हलवायल्या. "अगं, केव्हाची हाका मारायले! हातात काय बघायलीस?"

दूध सगळं उतू गेलेलं. ओट्यावरून खाली गळायलं, आन् शिवम पायाशी रडून रडून लाल. एक वीत, फक्त एक वीत लांब होता तो. माझ्या हातात काहीच नव्हतं... तळहात नुसता उघडा. तोंड दाराकडं.

भिंतीवर बघितलं, चारला पाच कमी.

आता साडेतीनलाच मी गॅस बंद करते आन् लेकरू सासूबाईंच्या मांडीवर देते. त्या त्याला घेऊन बसतात. मला काहीच कळंना. भावजींनी घातली, ते बरे हायेत. शिवमनं घातली, तो पण बराय. मी तर कधी अंगावर घातलीच नाय हो...

मी नुसती निवडली होती.