बाकावरचा गोलकीपर

आमच्या फुटबॉल स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवर दहा नंबरचं, म्हणजे क्लबच्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूचं, दोन मजली उंच चित्र आहे. हसरा चेहरा, छातीवर हात, आणि खाली एवढाल्या अक्षरांत लिहिलंय, ‘प्रत्येकाचा मान’. येणारे-जाणारे त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात. काढोत बापडे. मला सांगायचंय ते ज्याचं चित्र कुणी कधी काढलं नाही त्याच्याबद्दल, आणि मी रागानंच सांगणार आहे. शांतपणे सांगून झालंय आमचं, तेव्हा कुणी कान दिला नव्हता.

तो क्लबचा दुसरा गोलकीपर. दुसरा म्हणजे पहिल्याला काही झालं तर उतरायचं, नाहीतर बसायचं. आणि पहिल्याला काही म्हणता काही होत नसे, पठ्ठ्या दगडासारखा. त्यामुळे हा आपला बाकावर. आम्ही स्टँड झाडणाऱ्या बायकांनी त्याचं नाव ठेवलं बाकोबा. त्याला ते कळलं तेव्हा तो इतका मोकळा हसला की नाव तेच राहिलं. स्टेडियममागच्या गल्लीत त्याच्या बहिणीच्या नवऱ्याचं टायरचं दुकान आहे. दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की मेहुणा बाकोबाकडे बोट दाखवून म्हणायचा, “स्टेपनी हवी असेल तर ही घ्या, कधी वापरलेली नाही.” बाकोबा वाईट वाटून घेत नसे. जोराने उडी मारायची, मार खायचा, घाम गाळायचा आणि सामन्याच्या दिवशी कोरड्या कपड्यांत बसून राहायचं, हे त्यानं आपलं काम म्हणून घेतलं होतं. मला विचाराल तर असं काम करायला खेळणाऱ्यापेक्षा जास्त कणा लागतो.

आता या खेळातली एक रीत आहे, ती सांगायला हवी. सामना संपला की खेळलेले खेळाडू आत जातात, आंघोळी करतात, मुलाखती देतात. जे खेळलेले नसतात त्यांना मात्र मैदानावरच थांबून पळावं लागतं, अंग जड होऊ नये म्हणून. स्टँड रिकामे होत असतात, कुणी बघत नसतं, आणि ही चार-पाच पोरं कडेकडेनं फेऱ्या मारत असतात. नेमकं त्याच वेळी आम्ही वर झाडू घेऊन कामाला लागतो. म्हणजे आख्ख्या क्लबात आम्हाला काम करताना पाहिलेलं कुणी असेल तर ते हे न खेळलेले. बाकीच्यांना वाटत असेल, खुर्च्या आपोआप स्वच्छ होतात.

आणि आम्ही काम कसं करत होतो? शेवटची शिट्टी झाली की कंत्राटदाराचा मुकादम स्टँडखालचे सगळे संडास कुलूप लावून बंद करायचा आणि मुख्य नळ फिरवून पाणी तोडायचा. का, तर एकदा धुतलेले संडास पुन्हा घाण व्हायला नकोत. प्रेक्षक गेले म्हणजे माणसं संपली. मग आम्ही कोण? पुढचा सगळा वेळ, खुर्च्यांच्या रांगांमागून रांगा, आम्ही बायका तशाच. सामना दुपारचा असला की सकाळपासून पाण्याला तोंड लावायचं नाही, हा आमचा नियम होता. नव्या बाईला झाडू देण्याआधी आम्ही तो नियम देत होतो. लिहितानासुद्धा माझं डोकं फिरतं.

माझ्या थोरल्या जाऊबाई आमच्यात सगळ्यात जुन्या. घर त्यांच्या एकटीच्या कमाईवर चालायचं, कारण आमचे भाऊजी अंथरुणाला खिळलेले. वर्षानुवर्षं तहान मारून जाऊबाईंना मूत्रपिंडाचं दुखणं लागलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की दिवसभर पाणी प्या, नाहीतर मूत्रपिंड जाईल आणि मग यंत्रावर जगावं लागेल. जाऊबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, पाणी पिणं माझ्या हातात आहे गं, पुढचं मुकादमाच्या हातात आहे. हसल्या होत्या त्या. मला काही हसू आलं नाही. नोकरी सोडावी तर घर बसतं, धरून ठेवावी तर जीव जातो, असं ते सगळं एका कुलपावर येऊन अडलं होतं.

एके दिवशी त्या पायरीवरच बसल्या, कंबर धरून. बाकोबा खाली पळत होता. तो कठडा ओलांडून वर आला आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली. जाऊबाईंनी मान हलवली. त्यानं आग्रह केला, तेव्हा त्यांनी सरळच विचारलं, “पाणी देतोस रे बाबा, पण नंतर जायचं कुठे?” पोरगा कानापर्यंत लाल झाला. लाजला नव्हता तो, त्याला राग आला होता. इतकी वर्षं आपण यांच्यासमोर पळतोय आणि आपल्याला हे माहीत नाही, याचा.

तो व्यवस्थापकाकडे गेला. व्यवस्थापकानं सांगितलं की तुझं काम चेंडू अडवायचं, तेही रोज नसतं, तेवढं कर. मग तो दहा नंबरकडे गेला. म्हणाला, तुझं लाखो लोक ऐकतात, तुझ्या दंडावर ‘मान’ लिहिलेली पट्टी असते, हे एकदा बोल. दहा नंबरनं सांगितलं की काय बोलायचं ते क्लबच्या ‘प्रत्येकाचा मान’ मोहिमेचं काम बघणाऱ्या बाई ठरवतात, विचारून बघतो. ‘बघतो’चा अर्थ आमच्यासारख्यांना शिकवावा लागत नाही.

इथे बाकोबानं एक चूक केली, आणि ती त्याच्यासारखाच करू जाणे. न खेळलेल्यांची धाव संपेपर्यंत खेळाडूंची खोली रिकामी झालेली असते, हे त्याला ठाऊक होतं. पुढच्या सामन्यानंतर त्यानं जाऊबाईंना तिकडचं दार उघडून दिलं. आत कुणी नाही मावशी, बिनधास्त जा, म्हणाला. त्या गेल्या. बाहेर येताना पहारेकऱ्यानं धरलं. खेळाडूंच्या खोलीत शिरली म्हणून उभ्या उभ्या कामावरून काढलं त्यांना. बाकोबा ओरडून सांगत होता की मी पाठवलं, तर उत्तर मिळालं की कुणाला आत पाठवायचा अधिकार तुला कुणी दिला? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. कुलूप लावणारा जागच्या जागी, आणि जिच्यासाठी ते उघडायला हवं होतं ती घरी.

मी तशीच टायरच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याला धुऊन काढला. तुझा चांगुलपणा तुझ्यापाशी ठेव, आमची भाकरी गेली, असं काय काय बोलले. मेहुणा मध्ये पडायला आला, त्यालाही सोडलं नाही. बाकोबा मान खाली घालून ऐकत राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, “मावशी, चुकलंच. कुलूप काढा म्हणून भांडायचं होतं, मी चोरवाट दाखवत बसलो.”

आणि मग त्या दगडासारख्या पहिल्या गोलकीपरचं बोट मोडलं.

पुढच्या सामन्याला बाकोबा उतरला. आम्ही स्टँडमागच्या जिन्यात झाडू घेऊन उभ्या होतो, तिथून अर्धंच मैदान दिसतं, पण नशिबानं मध्यंतरानंतर त्याच अर्ध्यात त्याचा गोल आला. काय अडवलं त्यानं! शेवटी पेनल्टीसुद्धा उजवीकडे झेप घेऊन अडवली. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून त्याला मुलाखतीला बोलावलं. मागे फलक होता, अर्थातच ‘प्रत्येकाचा मान’चा. निवेदकानं विचारलं, इतकी वाट पाहिल्यावर आज कसं वाटतंय? बाकोबा म्हणाला, “आत्ता तुम्ही मला विचारताय ना, याच वेळी या स्टँडखालचे संडास बंद करतायत आणि पाणी तोडतायत. वर बायका कामाला लागल्यात, त्यांनी सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. एक मावशी आजारी पडली, तिला मी आमच्या खोलीतल्या संडासात पाठवलं तर तिला काढून टाकलं. कॅमेरा घेऊन चला, पाच पावलांवर आहे.” निवेदकाच्या तोंडचं पाणी पळालं. लगेच जाहिरात लावली. पण बोललेलं परत तोंडात थोडंच जातं? घराघरांत गेलं ते.

त्यानंतर क्लबला आमचा असा काही पुळका आला की विचारू नका. चौकशी होणार, सुधारणा होणार, कामगार हे आमचं कुटुंब. कुटुंब! घरच्या माणसाला कुलूप लावून तहानलेलं ठेवणारं कसलं कुटुंब? जाऊबाईंना परत कामावर घेतल्याचं जाहीर झालं. आणि हंगाम संपताच बाकोबाचा करार संपवला. कारण काय, तर त्याची शैली संघाच्या खेळात बसत नाही. बाकावर बसायला कुठली शैली लागते ते मला कुणीतरी समजावून सांगा.

तो टायरच्या दुकानात चाकं खोलू लागला. दुसऱ्या कुठल्या क्लबनं घेतला नाही. तोंडाळ आहे म्हणे.

मग कामगारांसाठी नव्या संडासाचं उद्घाटन ठरलं. हो, संडासाचं उद्घाटन. फीत लावली, दारावर पितळी पाटी ठोकली, पत्रकार आले, आणि कात्री दिली दहा नंबरच्या हातात. खणायचं बाकोबानं आणि आयत्या बिळावर नागोबा. मोहिमेच्या बाईंनी जाऊबाईंच्या हातात फुलं दिली आणि कुठे उभं राहायचं, कधी हसायचं ते समजावलं. जाऊबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं की तो पोरगा कुठे आहे. बाई म्हणाल्या की तो आता आपल्याकडे नसतो.

जाऊबाईंनी फुलं माझ्याकडे दिली. दहा नंबरच्या समोरून गेल्या, फीत हातानंच ओढून बाजूला केली, आत शिरल्या आणि आतून कडी लावली.

सगळे थांबले. मिनिटं जाऊ लागली. बाईंनी हळूच दार वाजवलं, मावशी, जरा लवकर, लोक खोळंबलेत. आतून आवाज आला, “खोळंबू देत. त्या पोराला बोलवा, मग येते.” पत्रकार एकमेकांना विचारू लागले, कुठला पोरगा? मी होतेच तिथे. मी सांगितलं. सगळं सांगितलं, मुकादमाचं, कुलपाचं, कराराचं. बाई माझ्या दंडाला धरून बाजूला ओढत होत्या, पण माझं वजन काही कमी नाही.

दहा नंबर मात्र पुढे झाला. त्यानं खिशातून फोन काढला, बाकोबाला लावला आणि आवाज मोठा करून दाराशी धरला. पलीकडे हातोड्याचे ठोके ऐकू येत होते. दहा नंबरनं अडखळत सांगितलं की मावशी आत बसल्यात, तू आल्याशिवाय येत नाहीत म्हणतात.

बाकोबाचा हातोडा थांबला. मग त्यानं विचारलं, “मावशी, बऱ्या आहात ना? आत नळाला पाणी येतंय का?”

आतून नळाची चावी फिरवल्याचा आवाज आला. एक नळ, मग दुसरा. नुसता हवेचा सुस्कारा ऐकू आला आम्हा सगळ्यांना.

“नाही रे,” जाऊबाई म्हणाल्या. “थेंब नाही.”

एवढ्या माणसांत, एवढ्या फुलांत, कुणी नळ सोडून पाहिलं नव्हतं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. सगळे कॅमेरे बाईंकडे वळले. बाईंनी मुकादमाकडे पाहिलं, मुकादमानं आभाळाकडे. दहा नंबरनं कात्री खाली ठेवली आणि आपल्या झकपक कपड्यांत दाराशेजारी जमिनीवर मांडी घातली. पत्रकारांना म्हणाला, पाणी येईपर्यंत मी इथेच आहे, तुम्हीही थांबा. खरं सांगते, तो माणूस मला त्या दिवशी पहिल्यांदा आवडला.

मुख्य नळ उघडायला कितीसा वेळ लागतो? ऊन कलायच्या आत पाणी आलं. जाऊबाई बाहेर आल्या, मुकादमाच्या डोळ्यांसमोर ओंजळीनं पोटभर पाणी प्यायल्या आणि कामाला लागल्या. आता रोज पितात.

बाकोबा अजून टायरच्या दुकानात आहे. त्याला एकाही क्लबनं बोलावलेलं नाही, आणि त्या भिंतीवर अजून तेच चित्र आहे, तेच शब्द आहेत. रोज त्याच्याखालून कामावर जाताना मी ते मोठ्यानं वाचते, आणि फोटो काढायला थांबलेल्या प्रत्येकाला विचारते की आमच्या गोलकीपरचा मान कुठे आहे.