बोक्याला शू होत नव्हती

"युरेथ्रल ऑब्स्ट्रक्शन," डॉक्टर म्हणाले. सरकारच्या पोटावरचा हात त्यांनी काढला नाही. युरेथ्रल ऑब्स्ट्रक्शन म्हणजे लघवीची नळी तुंबणं. "लघवीचा फुगा हाताला लागतोय. दगड झालाय नुसता. कधीपासून आहे हे?"

सोमवारपासून, मी म्हटलं. तो गुरुवार होता.

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि एवढे दिवस दिलंत काय?"

"पोट साफ व्हायचं औषध दिलं त्या गाढवानं!" हे मध्येच ओरडले. हे म्हणजे माझे यजमान. गाढव कोण, ते त्या खोलीत फक्त मलाच नीट ठाऊक होतं.

सरकार हा आमचा बोका. ह्यांचे आजोबा-पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, त्यातला मान म्हणावा असा आमच्यापर्यंत काही पोचला नाही, म्हणून हे बोक्यालाच सरकार म्हणत. मकरपुऱ्याला ह्यांच्या फॅक्टरीत एका खोक्यात सापडला होता, डोळेही उघडले नव्हते. डब्याच्या पिशवीतून घरी आणला. आम्हाला मूलबाळ नाही. पण कोणी सरकारला मूल म्हटलं की हे चिडत. "बोका आहे, बोकाच राहू दे." कामावरून आले की चपला काढायच्या आधी त्याला हाक.

घरात बोका असलेल्यांसाठी हे लिहितेय. बोक्याची लघवीची नळी मांजरीपेक्षा पुष्कळ अरुंद असते. तीत रेतीसारखे कण अडकतात, बूच बसतं. मूत्राशय फुगत जातं, जे बाहेर पडायचं ते रक्तात साठतं, आणि दोन-तीन दिवसांत जनावर दगावू शकतं. दिसायला मात्र बद्धकोष्ठासारखंच दिसतं. रेतीच्या घमेल्यात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, उठतो, परत बसतो. बरेच जण इथेच फसतात. मी फसले नव्हते, हे आधीच सांगून टाकते. सोमवारी सकाळी गॅलरीतल्या घमेल्यातली रेती मी हातानं चाळली होती. कोरडी ठणठणीत. मला स्वच्छ कळलं होतं.

कळणारच. मी शाळेत नववी-दहावीला जीवशास्त्र शिकवते. फळ्यावर मूत्रपिंड काढून त्याला बाण मारण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत.

घरी तेव्हा फोन नव्हता, नंबर लागायचा होता. म्हणून मधल्या सुट्टीत शाळेच्या ऑफिसातून फोन केला. गोत्रीला आमच्या सोसायटीपासून पाच मिनिटांवर नवीन क्लिनिक निघालं होतं. काचेचं दार, एसी, बोर्डावर भला मोठा अल्सेशियन. मी निवडलं ते एवढ्यावरच! डॉक्टर रोज असतात का, मांजरं बघतात का, एका शब्दानं विचारलं नाही. साडी घेताना मी मांडवीत चार दुकानं पालथी घालते, आणि इथे काचेच्या दारावर भाळले.

फोन गुजराती कंपाउंडरनं उचलला. ऑफिसात त्या वेळी तीन सर चहा पीत बसले होते आणि तिघांचंही लक्ष माझ्याकडे. आता पेशाब हा शब्द गुजरातीत चालतो, हिंदीत चालतो, मराठीतही चालतो. माझ्या तोंडून काही तो निघेना. घरात आम्ही शू म्हणतो, तोच निघाला.

"अमारा बिलाडाने शू नथी थती," मी हळूच म्हटलं. आमच्या बोक्याला शू होत नाही.

"शुं नथी थतुं, बेन?"

आता गुजरातीत शुं म्हणजे काय. काय होत नाही, असं तो बिचारा विचारत होता.

"शू," मी म्हटलं.

"हा, पण शुं?"

"अहो, शू!"

एका सरांना ठसका लागला. दुसऱ्यांनी पेपर तोंडासमोर धरला. तिकडून कंपाउंडर म्हणाला, "संडास नथी थतुं, एम ने?"

आणि मी म्हटलं, "हा, हा, ए ज." हो, तेच. फोन ठेवून दिला. कपाळ माझं!

मनाशी म्हटलं, संध्याकाळी डॉक्टरांना समोरासमोर नीट सांगू. संध्याकाळी डॉक्टर नव्हते. ते बुधवारी आणि शनिवारी येत. कंपाउंडरनं रजिस्टर बघून काउंटरवरून बाटली सरकवली. "सवारे थई जशे, बेन." सकाळी होऊन जाईल म्हणे! मी तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. पण मागे पामेरियन घेतलेले एक काका उभे होते. मी बाटली घेतली आणि निघाले.

ह्यांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. विचारलं, "फोन केलास ना? काय म्हणाले?" औषध दिलंय म्हटलं. हे निर्धास्त झाले.

मंगळवारी त्या तेलकट औषधानं सरकारनं सगळी गॅलरी भरवली. हे खूश. "झालं की ग मोकळं!" मी पुसता पुसता घमेल्यातली रेती चाळून पाहिली, ती अजून कोरडीच होती. बुधवारी पहिल्या तासानंतर सुट्टी टाकून त्याला टोपलीतून क्लिनिकला नेलं. डॉक्टर होते. तरुण, इस्त्रीचा शर्ट. रजिस्टर वाचून त्यांनी विचारलं, "मोशन झालं ना? मग आता आराम पडेल." मी म्हटलं, पण त्याला लघवी होत नसावी असं वाटतंय. हो, तेव्हा म्हटलं. पण कसं, तर "नसावी असं वाटतंय"! डॉक्टर म्हणाले, खात नाही म्हणून कमी होत असेल. टोपलीत त्यांनी डोकावूनही पाहिलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडणार कोणत्या तोंडानं?

गुरुवारी सकाळी सरकार उठेना. ह्यांनी त्याला भाजीच्या टोपलीत ठेवलं, वर आपलं जुनं बनियन बांधलं, आणि आम्ही स्कूटरवरून जनावरांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथे एक म्हैस अडलेली. डॉक्टरांचे दोन्ही हात कामात. तरी बिचारे बाहेर आले. म्हणाले, "खरं सांगतो, मांजराचं मला फार कळत नाही. इथे वेळ घालवू नका." आणि मांडवीच्या पलीकडल्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा पत्ता त्यांनी दिला. आपल्याला कळत नाही असं तोंडावर सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

मांडवीच्या दवाखान्यात एसी नव्हता, बोर्डावर कुत्रा नव्हता. पत्रा ठोकलेलं एक टेबल होतं. म्हाताऱ्या डॉक्टरांनी काही विचारायच्या आधी सरकारचं पोट चाचपलं. तेव्हा ते सुरुवातीचे शब्द मी ऐकले.

ह्यांना त्यांनी मेडिकलमध्ये पिटाळलं, तान्ह्या बाळांना नाकातून दूध देतात ती सगळ्यात बारीक नळी आणायला. तीच कॅथेटर. कॅथेटर म्हणजे लघवी काढायची नळी. भूल देऊन, तासभर खटपट करून त्यांनी ती आत सरकवली. कोऱ्या चहाच्या रंगाची लघवी आली. पेलाभर. मला रडू फुटलं. शरम कसली आणि काय, टेबलाशी उभी राहून मी हमसून हमसून रडले.

रक्त तपासायला माणसांच्या लॅबमध्ये न्यावं लागलं. ब्लड युरिया आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्त किती साफ करताहेत त्याचा अंदाज. काउंटरवर नाव विचारलं. हे म्हणाले, सरकार. वय चार. "बंगाली छो?" त्या माणसानं विचारलं. त्या चार दिवसांत आम्ही तेवढं एकदाच हसलो.

आकडे वाईट होते. शुक्रवारी सरकारनं दोन चमचे दूध घेतलं, ह्यांच्या बोटाला अंग घासलं. आम्हाला वाटलं, जिंकलो. शनिवारी उलट्या सुरू झाल्या, कान गार पडले. दुपारी त्याच पत्र्याच्या टेबलावर तो गेला. डॉक्टर म्हणाले, "मंगळवारी आला असता तर वाचवला असता, असं आता म्हणणार नाही. पण लढायला मला जागा मिळाली असती." त्यांनीच त्याला बनियनमध्ये गुंडाळून दिलं.

सोमवारी सकाळी ह्यांनी चपला घातल्या आणि म्हणाले, "चल, त्या कंपाउंडरचं थोबाड बघायचंय मला."

मी म्हटलं, जाऊ द्या. ऐकतात कुठले! तेव्हाच सगळं सांगायला हवं होतं. पण मी स्कूटरवर मागे बसले.

क्लिनिकमध्ये कुत्री घेतलेली पाचसहा माणसं होती. ह्यांनी काउंटरवर हात आपटला. गुजरातीत, मराठीत, मिळेल त्या भाषेत सुरू झाले. कंपाउंडर पन्नाशीचा गृहस्थ. त्यानं रजिस्टर काढलं, गेल्या सोमवारचं पान उघडलं आणि ह्यांच्याकडे फिरवलं. बिलाडो, संडास बंध. मग खालच्या आवाजात म्हणाला, "में पूछ्युं हतुं, भाई. बेने हा पाडी." मी विचारलं होतं, ताईंनी हो म्हटलं.

हे माझ्याकडे वळले. "तू काय म्हणाली होतीस?"

मी सगळं सांगितलं. ऑफिस, तीन सर, शू, हो हो तेच. सगळा शब्दन् शब्द, त्या कुत्रेवाल्या लोकांसमोर. कंपाउंडरची माफी मागितली. तो मानच वर करेना.

ह्यांनी रजिस्टर मिटून परत सरकवलं. मग मला म्हणाले, "आणि डॉक्टरनं हात का लावला नाही?" तेवढ्यापुरतं माझं ओझं हलकं करायला विचारलं असेल. झालं मात्र नाही, आजही नाही.

म्हणून सांगते. पहिल्या भेटीत जनावराच्या पोटावर हात ठेवणारा डॉक्टर निवडा, दार काचेचं नसलं तरी चालेल. आणि काय होतंय ते त्याला नागड्या शब्दांत सांगा. तो तुमच्या घरचा नाही, तुमचे लाडके शब्द त्याला कसे कळणार? समोर कोण चहा पितंय ते बघत बसू नका.

परतताना रेसकोर्सच्या सिग्नलला ह्यांनी स्कूटर थांबवली. मागे न बघताच म्हणाले, "मला फॅक्टरीत फोन करायचास. मी सांगितलं असतं त्यांना."

"तुमच्या तिथेही फोनपाशी दहा माणसं असतात," मी म्हटलं.

"असली तर असली," हे म्हणाले.