पार्बताबाईने अडवलेले अंतरे

भातकुलीच्या पार्बताबाईने आयुष्यभर गाणी बांधली. शब्द तिचे, चालही तिची. आमच्या दंडारीत, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात, मी कधी राजा झालो, कधी सोंगाड्या. टाळ्या मला मिळाल्या. तिला वर्षाकाठी एक लुगडं. तिने कधी मागितलं नाही आणि आम्ही, खरं सांगतो, कधी विचारलंही नाही.

गेल्या हिवाळ्यात मुंबईच्या एका निर्मात्याला तिचं निंदणीचं गाणं सिनेमासाठी हवं झालं. त्याने अकोल्याच्या हॉटेलात बोलावलं. बाईसोबत तिची वकील नात दामिनी आणि मी गेलो.

त्याने कागद पुढे केला. पंचवीस हजार एकदाच, मग गाणं कायमचं त्याचं.

"आधी ऐकवा तरी, आजी."

बिदागी ठरेपर्यंत फक्त मुखडा गायचा, ही आमची जुनी रीत. बाई मुखडा गाऊन थांबली. पण मी चाळीस वर्षं तिच्या गाण्यांना झील धरलेला माणूस. ओळ थांबली की माझं तोंड आपोआप उघडतं. हात उंचावून मी पहिला अंतरा अख्खा गाऊन टाकला. निर्मात्याचा मोबाइल सगळं टिपत होता.

"भाऊ, तुमाले कोनं वन्समोर देल्ला?" बाई म्हणाली. मी मान खाली घातली.

निर्माता हसला. "चाल तर कळली. करा सही."

"गाण्याले अंतरे तीन हायेत," बाई म्हणाली. "दोन माह्या डोक्यात हायेत. अन् भाऊनं गायला तो पुसा, माह्यासमोर."

दामिनीने सांगितलं, "टीव्हीवर, मोबाइलवर गाणं वाजलं की कवीचा आणि संगीतकाराचा वाटा कायद्यानेच असतो. सही घेतली तरी तो हक्क जात नाही."

"मग पंचविसाचे पंधरा होतील."

"होऊ द्या. पन वाटा लिहा, अन् नाव लिहा. गीत पार्बताबाई, संगीत पार्बताबाई."

"नावाचं एवढं काय, आजी?"

"या भाऊले चार तालुके ओळखते. मले शेजारीन ओळखते."

त्याने मोबाइलमधला अंतरा पुसला आणि तो फोन करायला बाहेर गेला. जेवण आलं, बाईने ताटाला हात लावला नाही. तीन तासांनी वाटा आणि नाव लिहिलेला नवा कागद आला. दामिनीने तो दोनदा वाचून दाखवला. बाईने एकेक अक्षर जुळवत पूर्ण नाव लिहिलं, पदर सावरला आणि निर्मात्याकडे पाहिलं.

"हं, करा आता मोबाइल चालू."