नव्या केसांचे स्पाइक्स

परवा सोमवारी सकाळी वाटीभर तेलाने आमच्या नागभीडच्या घरात नुसता गोंधळ उडवला. बायको, म्हणजे संघमित्रा, आजारपणाची लांब रजा संपवून त्या दिवशी शाळेत परत हजर होणार होती. शिक्षिका आहे ती, जवळच्याच गावात.

कॅन्सरचे उपचार उन्हाळ्यातच संपले. गेलेले केस आता परत आलेत... पण कसे? बोटाच्या पेराएवढे, आणि इतके बारीक की माझ्या दुकानातली सगळ्यात पातळ तांब्याची तारसुद्धा त्यापुढे दोरखंड वाटावी. (मी मोटारींचं रिवाइंडिंग करतो, म्हणजे जळालेल्या मोटारींत नवी तार भरतो, नवीन वाचकांसाठी सांगतो.)

विंचरले की चप्प बसतात आणि खालचं डोकं दिसतं. ते दिसलं की समोरच्याचा चेहरा उतरतो, आवाज खाली येतो... "कशी आहेस गं बाई?" संघमित्राला त्या आवाजाचा भयंकर कंटाळा आला होता.

टोप नको, स्कार्फ नको, डोक्यावर पदर तर नकोच. म्हणाली, "मले स्पाइक्स करून द्या." मला वाटलं, गंमत करून राह्यली. लोक हसतील न, म्हटलं. तर म्हणे, "हसू द्या. हसलेलं चालते मले. कीव नाई चालत."

झालं! लागलो कामाला. पहिल्या दिवशी बाजारातलं जेल भरपूर थापलं, तर केस एकमेकांना चिकटून चार-दोन शेंड्या झाल्या आणि मध्ये सगळं मोकळं मैदान! थोड्या वेळाने त्याही आडव्या झाल्या. मोटारीला मारतो ते वार्निश मारू का, असं विचारलं तर बाईने उलथनं उगारलं.

मग व्हिडिओ पाहिले, चुका केल्या, आणि हळूहळू कळत गेलं. अशा केसांना वजन सोसत नाही. आधी डोकं खाली वाकवून मुळं ड्रायरने उलटी वाळवायची. मग जेल हरभऱ्याच्या दाण्याएवढं, ते बोटांवर चोळून फक्त टोकांना पीळ द्यायचा. जेलसुद्धा घरचंच... धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, पेरलेला आपला जवस उकळून गाळला की जे बुळबुळीत पाणी निघतं ते. रविवारी केलेले स्पाइक्स दिवे लागेपर्यंत उभे होते. मी खूश.

सोमवारी तिचे केस धुऊन झाले आणि मी गाडी पुसायला अंगणात गेलो. परत येतो तर काय! आई सकाळची बुद्धवंदना आटोपून कोमट तेलाची वाटी घेऊन बसलेली, आणि सुनेचं डोकं चिंब.

आईचं म्हणणं असं, की नवे केस म्हणजे लेकराचं जावळ. लेकराची टाळू आपण तेलाने भरतो, मग हिची काऊन नाई भरायची? आणि एवढ्या मोठ्या कामाला निघालेलं माणूस कोरड्या डोक्याने घराबाहेर पडते का कधी?

मी कपाळाला हात लावला. संघमित्राला विचारलं, अगं, तू 'नको' का म्हणाली नाहीस? ती हळूच म्हणाली, "आईनं इतक्या मायेनं लावलं... हात कसा धरू?" डोळे मात्र भरले होते तिचे. चप्प डोक्याने वर्गात जायचं, हे काही तिला जमणार नव्हतं.

परत धुवायला वेळ नव्हता, परिपाठाच्या आत पोचायचं होतं. मग हाताशी होता तो पावडरचा डबा उचलला आणि तिच्या डोक्यावर उपडा केला. टॉवेलने दाबून तेल टिपलं, ड्रायर लावला... अरे बापरे! सगळ्या घरात पांढरा ढग. तिघंही शिंकून शिंकून बेजार.

पण पावडर उडाली आणि केस उभे राहिले. रविवारपेक्षाही ताठ! बारीक केसांना पकडच नसते, ती पावडरने आली. टोकांना पीळ दिला आणि आरसा समोर धरला. बराच वेळ पाहत होती ती. आई म्हणाली, "पाह्य, तेलाचा गुण हाय तो." मी गाडीची किल्ली उचलली.

दिवसभर दुकानात लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती आली ती लालबुंद होऊन. स्पाइक्स एका बाजूने जरासे कलले होते, बाकी जागच्या जागी. मला वाटलं, केसांवरून बोललं कोणीतरी.

"भांडण झालं माझं!" पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली. पोरं सकाळी पोटभर हसली, दोघा-तिघांनी हात लावून पाहिला, आणि मग विसरलीसुद्धा. पण दुपारी तिने आपल्या वर्गातलं कपाट परत मागितलं, तर शेजारच्या वर्गाच्या मॅडम कडाडल्या... एवढे महिने तुमचा वर्ग आम्हीच सांभाळला, आता आल्या आल्या हुकूम नका सोडू! हिनेही ऐकवलं. व्हरांड्यात चांगलीच जुंपली म्हणे, पोरं खिडकीतून बघत होती.

सांगता सांगता हसायला लागली, आणि मग रडायला. म्हणाली, "बिमार हाय म्हणून सोडलं नाई तिनं मले."

मी चहा केला. एक घोट घेऊन म्हणते, "पाकच केला का साखरेचा?" इतके दिवस मी निमूटपणे दुसरा करून आणला असता. परवा म्हटलं, एवढा त्रास होत असेल तर स्वतः करून घे! आई दचकली. संघमित्रा मात्र तरातरा उठली आणि गॅस पेटवला. माझ्याकडे साधं पाहिलंसुद्धा नाही. किती बरं वाटलं, काय सांगू...

त्या मॅडमना मी ओळखत नाही. पण मॅडम, तुम्ही हे वाचत असाल तर मनापासून थँक यू. कपाट देऊ नका इतक्यात. भांडा अजून.