दौंड ते शिरूर, बारा व्होल्ट

विजेवर चालणारी कुठलीही वस्तू समोर आली की आप्पा तिला आधी उपडा हात लावायचे. तळहात नाही, हाताची मागची बाजू. तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी. मग तो मोबाईलचा चार्जर असो, मिक्सर असो, नाहीतर आमच्या गल्लीतली पाण्याची मोटर. क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "ताप न्हाई," किंवा "ताप हाय. ह्याची भूक किती, आन् तुमी वाढताय किती?"

भूक म्हणजे करंट. अँपिअर हा शब्द त्यांना येत नव्हता असं समजू नका. रेल्वेच्या डब्यांमधले दिवे आणि पंखे चालू ठेवण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती. दौंड स्टेशनात गाडी उभी राहिली की लोक चहाकडे धावत आणि आप्पा डब्याखाली वाकत. पण अँपिअर म्हटलं की समोरचा माणूस जांभई देतो आणि भूक म्हटलं की कान देतो, हे त्यांना कधीच कळलं होतं.

मी त्यांचा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. कुरकुंभच्या एका कंपनीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. मोठमोठी पॅनेल हाताळतो, त्यामुळे मला माझ्या अकलेचा बऱ्यापैकी गर्व होता. आप्पा मला 'कंपनीवाले' म्हणत. त्यात थट्टा किती आणि कौतुक किती, याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

काकू, म्हणजे आप्पांची बायको, शिरूरच्या. शिरूरला रेल्वे नाही. नवरदेव रेल्वेतला, म्हणून लग्नाच्या वेळी त्यांच्या माहेरी केवढा थाट, पण वऱ्हाड गेलं ते एसटीनं, न्हावऱ्याच्या रस्त्यावरचे खड्डे मोजत. कुणीतरी टोमणा मारला तेव्हा आप्पा भर मांडवात बोलून बसले, "थांबा, शिरूरला गाडी आनतो." ते वाक्य काकूंनी चाळीस वर्षं सोडलं नाही. भाजीत मीठ कमी पडल्याची तक्रार झाली तरी आतून आवाज यायचा, "आली का वो गाडी?" आप्पाही मग त्यांना नावानं हाक न मारता 'शिरूरकर' म्हणायचे.

निवृत्तीला सोबत्यांनी त्यांना घड्याळ दिलं नाही, खेळण्यातली आगगाडी दिली. चांगली, रुळावर विजेनं चालणारी, एक इंजिन आणि सहा डबे. आप्पांनी पुढच्या खोलीतल्या भिंतीला लागून चौदा फुटांची फळी ठोकली. डाव्या टोकाला दौंड, उजव्या टोकाला शिरूर. मध्ये केडगाव, न्हावरे आणि इनामगाव. इनामगावला स्टेशन कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, "तितं उकरल्यावर हजारो वर्सांपूर्वीची मडकी घावली. तवापास्नं मानसं ऱ्हातायत आन् अजून साधं स्टेशन न्हाई त्यांना."

हसलो आम्ही. पण त्या फळीमागं हसण्यासारखं फार नव्हतं. साखरेनं काकूंच्या डोळ्यांचे पडदे धरले होते. चेहरे दिसेनासे झाले होते, उजेड तेवढा कळायचा. तोही किती दिवस राहील ते सांगता येत नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून आप्पांनी सहाही डब्यांमध्ये तांदळाएवढे दोन-दोन दिवे बसवले. गाडी दिसली नाही तरी उजेडाची ओळ शिरूरला पोचताना काकूंना दिसावी, एवढीच त्यांची इच्छा होती. आणि त्यांना घाई होती.

पहिल्या दिवशी गाडी दौंडहून रुबाबात निघाली. केडगाव झालं. न्हावऱ्याला जरा दमली. इनामगावच्या अलीकडे तिची पावलं जड झाली आणि शिरूरला पोचण्याआधीच ती थांबली.

"आवो, इनामगावपाशी अंधारलं बगा," खुर्चीतून काकू म्हणाल्या.

"तुझं माहेर हाय. गाडी लाजती," आप्पा म्हणाले. तिसऱ्या दिवशीही ती तिथंच लाजली.

इथं माझी एन्ट्री झाली, आणि ती झाली नसती तर बरं झालं असतं. "आप्पा, तुमचा ॲडॅप्टर लेचापेचा आहे, एका अँपिअरचा. मोठा लावू."

"भूक मोजू की आधी."

"त्यात मोजायचं काय? जास्त असलेलं बरं." आम्हा कंपनीवाल्यांची ही सवय. मशीन अडलं की मोठी मोटर लावायची. भंगारवाल्याकडून मी बारा व्होल्टचा, वीस अँपिअरचा, वीजपुरवठ्याचा लोखंडी डबा आणला. त्याला स्वतःचा पंखा होता. तो घरघरायला लागला तेव्हा मला अगदी वीजनिर्मिती केंद्र उभारल्यासारखं वाटलं.

गाडी वीतभर पुढं गेली, एवढाच फरक. शिरूर अंधारातच राहिलं. त्यात परतताना दौंडच्या सांध्यावर इंजिन रुळावरून घसरलं आणि त्याची चाकं दोन्ही रुळांना एकदम टेकली. जुना ॲडॅप्टर असता तर गुपचूप बंद पडला असता. माझा डबा कुठला बंद पडतोय. त्यानं आपले वीसच्या वीस अँपिअर त्या टीचभर इंजिनात ओतले. धूर निघाला.

"काय जळतंय वो?" काकूंनी विचारलं.

आप्पांनी प्लग उपटला. इंजिनाला उपडा हात लावला आणि झटक्यात मागं घेतला. आतल्या तारा वितळल्या होत्या, एका बाजूचं प्लास्टिक वाकलं होतं. मी शरमेनं मान खाली घालून उभा होतो. ते चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"इंजिनाची चूक न्हाई," ते म्हणाले. "भूक न इचारता वाढलं आपन."

तुम्ही वाढलं, असं म्हणाले नाहीत. 'आपन' म्हणाले. त्या एका शब्दासाठी मी या माणसाचा आजन्म ऋणी आहे.

आठवडाभर भिंग लावून त्यांनी इंजिन पुन्हा उभं केलं. त्या आठवड्यात काकू दोनदा दाराच्या चौकटीला धडकल्या. आप्पा सोल्डरची तार जास्त घट्ट धरत होते.

मग पहिल्यांदा आम्ही भूक मोजली. इंजिनाला अर्धा अँपिअर, बारा दिव्यांना मिळून अर्ध्याहून थोडा जास्त. म्हणजे एक अँपिअर कमी आणि वीस म्हणजे गाढवपणा. दोनचा ॲडॅप्टर पुरेसा, आणि त्याच्या पुढं दोनचाच फ्यूज. पण पोटभर वाढूनही शिरूर अंधारात का, ते कळत नव्हतं.

ते कळलं काकूंमुळं. गाडी हळू सोडली होती आणि त्या उजेडाकडं तोंड करून बसल्या होत्या. "हितं कमी झालं," त्या म्हणाल्या. आप्पांनी फळीवर खडूची खूण केली. "हितं आनखी जरा." पुन्हा खूण. माझ्या धडधाकट डोळ्यांना यातलं काही दिसत नव्हतं. शेवटी पाहिलं तर काकूंची प्रत्येक खूण दोन रुळांच्या सांध्यावर पडलेली. प्रत्येक सांधा थोडी थोडी वीज खात होता आणि शिरूरच्या वाट्याला उरलंसुरलं येत होतं.

आप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. "आरं द्येवा! उभा जलम डब्यांत काढला. डब्याची बॅटरी डब्याखालीच असती, परत्येकाची भाकरी त्याच्या पोटाला बांधलेली. लांबवर वाढायची येळच आली न्हाई कवा. म्हनून दोन तारा दौंडला जोडल्या आन् गप बसलो." मग स्वतःशीच हसले. "माझा बा मेंढरं घिऊन फिरायचा. म्होरल्या मेंढरांपुढं कितीबी पाला टाका, मागल्यांच्या तोंडाला काय लागतंय? जागोजागी टाकाया लागतोय."

दोन रविवार आम्ही फळीखाली आडवे पडून होतो. दौंडपासून शिरूरपर्यंत एक लाल आणि एक काळी जाड तार ओढली. प्रत्येक रुळाच्या तुकड्यापासून दोन बारीक तारा खाली आणून त्यांना जोडल्या. न्हावऱ्याला मी लाल-काळ्याची अदलाबदल केली आणि फ्यूज उडाला. आप्पा खूश. "बगा, कंपनीवाले, फ्यूज किती शाना हाय. चूक तुमची, जीव त्यानं दिला."

तारा सुधारून, नवा फ्यूज घालून दुसऱ्या रविवारी दुपारी खिडक्या लावून घेतल्या. गाडी निघाली. केडगाव, न्हावरे, इनामगाव. उजेडाची ओळ तशीच्या तशी पुढं सरकत होती. काकूंची मान तिच्याबरोबर वळत होती. शिरूरला गाडी थांबली.

"आली की वो," काकू म्हणाल्या.

आप्पांनी काय करावं? ॲडॅप्टरला उपडा हात लावला आणि बराच वेळ तसेच पाठमोरे बसून राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात आप्पा गेले. सकाळचा चहा झाला होता, पेपर मांडीवर होता. काकूंना त्यांचे भाऊ शिरूरला घेऊन गेले. मागं सामान फार नव्हतं, पण फळी येत असेल तरच मी येते, असं काकूंनी सांगितलं. दोन तुकडे करून ती टेम्पोतून गेली. तारा जोडायला सुट्टीच्या दिवशी मी गेलो. काकूंच्या डोळ्यांतला उरलेला उजेडही तोवर गेला होता.

सगळं जोडून झाल्यावर त्या चाचपडत आल्या. ॲडॅप्टर सापडेपर्यंत हात फिरवला आणि मग त्याला हाताची मागची बाजू लावली. "ताप न्हाई," म्हणाल्या आणि बटण फिरवलं. गाडी खडखडत गेली आणि टोकाला थांबली.

"शिरूरला उजेड हाय का?"

पटकन हो म्हणणं सोपं होतं. पण आप्पांच्या घरात न मोजता बोलून मी एकदा तोंड भाजून घेतलं होतं. खिशातून मीटर काढला. दौंडला लावला, बारा. चालत दुसऱ्या टोकाला गेलो, शिरूरला लावला, पुन्हा एकदा लावला. डोळे भरून आल्यामुळं आकडा नीट दिसेना, ते पुसून पाहिलं. बारा.

"हाय, काकू," मी म्हणालो. "दौंडएवढाच हाय."