पावण्याचा चाचा झाला

मंडळी, आज सकाळी ताराबाई पार्कातला एक बंगला बघायला गेलतो. संस्थानी काळातला, दुमजली, विकायला काढलाय. पोराचा धंदा बरा चाललाय, म्हटलं बघून तर येऊ.

एजंट लई गोड. "या की पावणं. असलं घर आख्ख्या कोल्हापुरात न्हाय." जिन्यापाशी नेऊन म्हणतो, "सगळं सागवान हाय. कारागीर विलायतेहून आणलेला."

मला हसू आलं. सत्तर सालाच्या आसपास जुना जिना मोडून हा नवा केला तो माझ्या अब्बांनी. विलायत कसली, हातकणंगल्याहून रोज सकाळच्या रेल्वेनं यायचे.

त्याला म्हटलं, "कठड्याच्या खालनं बघा." तो वाकला. अब्बांनी पटाशीनं कोरलेलं नाव अजून तसंच हाय. त्यानं वाचलं, "दस्तगीर."

"माझे वडील," मी म्हटलं.

तो सरळ उभा राहिला आणि त्याचा आवाजच बदलला. "चाचा, राग मानू नका. मालकांना आपल्यातलंच गिऱ्हाईक पाहिजे."

दोन मिनिटांत पावण्याचा चाचा झाला. आणि याच मालकाचा बाप तेव्हा रोज दुपारी अब्बांना हाक मारायचा, "पावणं, रंधा ठेवा, आधी जेवून घ्या."

आता तुम्हीच सांगा, 'आपल्यातलं' म्हंजे नक्की कुणातलं?

मी काय तिथं परत जात न्हाय. बंगला कुणीबी घ्या. खरं वर चढताना आधार माझ्या बापाचाच घ्यावा लागंल.